तुरुंगमंत्र्यांचा अधिकार आणि शिंपिणीचे घर

वाचकहो, एका तुरुंगमंत्र्याच्या हाती कायद्याने काय दिलेले असते आणि काय दिलेले नसते, हा प्रस्तुत कथेचा विषय आहे. विषय रुक्ष आहे, हे लेखक जाणून आहे. परंतु कायद्याची कलमे शेवटी माणसांच्या घरांत जाऊन बसतात, आणि ह्या कथेत तर एक कलम खरोखरच एका शिंपिणीच्या घरात जाऊन बसले. ते तेथे कसे शिरले व तेथून कसे उठले, हे पदरचे फारसे काही न घालता क्रमाने सांगण्याचे योजिले आहे. वाचकांनी अवधान द्यावे, इतकीच प्रार्थना.

सदर मंत्री राजकारणात येण्यापूर्वी मोटार शिकविण्याची शाळा चालवीत असत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून उमेदीची सर्व वर्षे घालविल्यामुळे त्यांना दोन सवयी जडल्या होत्या. एक म्हणजे बोलता बोलता उजवा पाय जमिनीवर दाबणे, आणि दुसरी म्हणजे समोरच्याचा धीर सुटलेला दिसताच "काही होत नाही, मी आहे ना" असे म्हणणे. शाळेत हे वाक्य अक्षरशः खरे होते, कारण त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असे. निवडणुकीतही ह्याच वाक्याने त्यांना तारले. पुढे मंत्रिमंडळ बनले तेव्हा रस्ते, पाणी, शिक्षण ही खाती वजनदार मंडळींनी भराभर उचलली आणि दुकान बंद होतेवेळी उरलेल्या कलिंगडाप्रमाणे तुरुंगखाते ह्यांच्या गळ्यात पडले.

शपथविधीहून ते घरी परतले तेव्हा त्यांच्या पत्नीने चपला काढण्याचीही उसंत न देता विचारले, "अहो, आता तुम्ही उद्घाटन कशाचं करणार? रस्ता नाही, पूल नाही. कोठडीची फीत कापणार का?"

"कैद्यांचं भलं करणार," मंत्री गंभीरपणे म्हणाले.

"त्यांना मत असतं?"

"नसतं."

"मग करा निवांत. कोणी हिशेब मागायला यायचं नाही."

परंतु मागणारी लवकरच आली. मध्यवर्ती तुरुंगात पाव भाजण्याची नवी भट्टी बसविली होती व तिचे उद्घाटन करून मंत्री बाहेर पडत होते. फाटकापाशी कैद्यांच्या नातलगांची रांग उभी होती. तीतून चाळिशीच्या आसपासची एक स्त्री बाहेर आली. ती शिंपीण होती, हे कोणी सांगावयास नको होते. कारण मापाची फीत गळ्यातून काढावयास ती विसरली होती. शिपायांनी तिला अडविले. मंत्री म्हणाले, "येऊ द्या."

"साहेब, माझे वडील आत आहेत," ती म्हणाली. "गवंडी म्हणतात त्यांना इथं. फुप्फुसं गेली आहेत त्यांची. डॉक्टरांनी हात टेकले. त्यांना घरी मरायचंय, दुसरं काही नको."

"गुन्हा कोणता?"

"खून. बांधकामावर भांडण झालं, भागीदाराच्या डोक्यात फावडं घातलं. ते खोटं नाही, साहेब, मी तसं म्हणतही नाही. त्या माणसाची बायको अजून आमच्या गल्लीवरून जात नाही. पण बाबांनी शिक्षा भोगली. आता भोगायला माणूसच उरला नाही."

सभोवती वार्ताहर उभे होते. शिंपिणीचे डोळे कोरडे होते, पण गळ्यातली फीत तिने दोन्ही मुठींत घट्ट धरली होती. मंत्र्यांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला. ते म्हणाले, "काही होत नाही, मी आहे ना. महिन्याच्या आत तुझे वडील तुझ्या घरी असतील."

वार्ताहरांनी ते टिपून घेतले. जेलरसाहेब स्वतःच्या बुटांकडे पाहू लागले. मंत्र्यांच्या मागे उभ्या असलेल्या सचिवबाईंनी पेनाचे टोपण हळूच बंद केले.

ह्या सचिवबाई खात्यात केस पांढरे केलेल्या, मोजके बोलणाऱ्या आणि मंत्र्यांच्या येण्याजाण्याकडे ऋतू बदलावेत तशा नजरेने पाहणाऱ्या होत्या. मोटारीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, तो अधिकार आपल्याकडे नाही."

"म्हणजे काय? तुरुंग कोणाचे?"

"आपले."

"किल्ल्या?"

"आपल्याच."

"शिपाई, जेलर, भट्टी, पाव?"

"सगळं आपलं."

"मग कैदी कोणाचा?"

"कैदी न्यायालयाचा. शिक्षा त्यांनी दिली. ती माफ करायची तर राष्ट्रप्रमुखांनी. आपण सांभाळायचं."

"म्हणजे मी गोदामवाला."

"शब्द चांगला आहे," सचिवबाई म्हणाल्या.

मंत्र्यांनी विचारले, "काहीच करता येत नाही?"

"शिफारस करता येते. मंत्र्यानं राष्ट्रप्रमुखांकडे शिफारस करावी, असं कलम आहे. मी आजच मसुदा करून ठेवते."

शिफारस हा शब्द मंत्र्यांना झोंबला. आयुष्यभर ज्याच्या पायाखाली स्वतःचा ब्रेक होता, त्याने आता दुसऱ्याच्या ब्रेककडे आशेने पाहावे, हे त्यांच्या मनाला पटेना. मसुदा संध्याकाळी तयार झाला. तो त्यांनी वाचलाही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्यांचे छायाचित्र झळकले. पत्नीने ते चहाच्या कपाखालून ओढून काढले व चष्मा लावून वाचले. "महिन्याच्या आत म्हणे. अहो, आपल्या मोरीचा नळ तुम्ही महिन्याच्या आत करणार होता."

मंत्री कायद्याचे पुस्तक घेऊन गॅलरीत जाऊन बसले. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्या माणसाला कायदा वाचणे जड जाते. ते प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचत. परंतु बोट ठेवून वाचणाऱ्याच्या नजरेतून काही निसटत नाही, असेही म्हणता येईल. उन्हे गॅलरीतून सरकली तेव्हा त्यांचे बोट एका कलमावर थांबले. त्याचा मजकूर असा होता: मंत्र्यास आवश्यक वाटेल तेव्हा कोणतीही इमारत अगर तिचा भाग लेखी हुकुमाने तुरुंग म्हणून घोषित करता येईल, आणि कोणत्याही कैद्यास एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलविता येईल.

कचेरीत पोहोचताच त्यांनी पुस्तक सचिवबाईंच्या टेबलावर उघडे ठेवले. "वाचा."

"मला पाठ आहे. हे पुरासाठी आहे, साहेब. तुरुंगात पाणी शिरलं तर कैदी शाळेत ठेवता यावेत म्हणून."

"कलमात पूर लिहिलाय?"

"नाही."

"शाळा?"

"नाही."

"मग शिंपिणीचं घर ही इमारत आहे की नाही?"

सचिवबाईंनी चष्मा काढून पुसला. "इमारत आहे. पण साहेब, शिफारसही पाठवू या. एक इकडून, एक तिकडून. दोन्ही चालू राहू देत."

"आपलं काम आपल्या हातात असताना दुसऱ्याच्या दारात उभं कशाला राहायचं? मी शब्द दिलाय, तो मीच पाळणार."

"मग मसुदा ठेवून देते," सचिवबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तो ठेवून दिला.

अशा रीतीने शिंपिणीचे घर तुरुंग झाले. घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला होते. पुढच्या खोलीत शिलाईयंत्र, इस्त्रीचे टेबल आणि अर्धवट शिवलेले कपडे टांगलेली दोरी, मधली खोली निजण्याची, मागे स्वयंपाकघर. गवंडीबाबांना स्ट्रेचरवरून आणून मधल्या खोलीत निजविले. हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेले होते. श्वास पुरत नव्हता, तरी त्यांनी प्रथम भिंतीकडे निरखून पाहिले.

"पोरी, हा गिलावा कोणी केला?"

"मागच्या वर्षी करून घेतला, बाबा. ओल येत होती."

"ओळंबा न लावता केलाय. पोट आलंय भिंतीला," ते म्हणाले, आणि समाधानाने डोळे मिटून पडून राहिले. तुरुंगाच्या भिंतींना त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही नावे ठेवली नव्हती, कारण त्या त्यांच्या नव्हत्या.

त्यांच्यासोबत तुरुंगाचा अंमलदार म्हणून एक जमादार आला. अंगाने स्थूल, गुडघ्यांनी अधू, मनाने निर्मळ आणि सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेला हा गृहस्थ एकाच भयाने ग्रासलेला होता, की शेवटच्या वर्षी आपल्या हातून नियम मोडू नये. त्याने तुरुंगाचे नियम काखोटीला मारून आणले आणि ते जसेच्या तसे घराला लावले. 'लेडीज टेलर' ह्या पाटीच्या खाली 'तुरुंग' अशी पाटी टांगली गेली. एका गिऱ्हाईक बाईने दारातच विचारले, "दोन्ही एकाच मालकाचं का?"

नियमाप्रमाणे तुरुंगात धारदार वस्तू मोकळी ठेवता येत नाही. म्हणून शिंपिणीच्या दोन कात्र्या, सुयांची डबी आणि विळी लोखंडी पेटीत गेली. ती सकाळी उघडे व सूर्य मावळताच बंद होई.

"जमादारकाका, एवढं काज राहिलंय. कात्री फक्त घटकाभर द्या," ती म्हणे.

"ताई, बंदीची वेळ झाली. तुम्ही आमच्या पोटावर पाय आणू नका."

"आणि तुम्ही माझ्या पोटावर कसला आणलाय? बूट घालूनच आणलाय."

जमादाराला हे लागे, पण पेटी उघडत नसे. येणाऱ्या गिऱ्हाइकांची भेटीला आलेले म्हणून नोंद होऊ लागली. भेटीचे दिवस ठरलेले. त्या दिवशीही झडती. स्त्रियांची झडती स्त्रीनेच घ्यावी लागते, म्हणून एक महिला शिपाई नेमण्यात आली व ती दिवसभर शिलाईयंत्राच्या स्टुलावर बसून राहू लागली. माप देण्यासाठी आपले खिसे उलटे करून दाखविणे कोणाला रुचेल? गिऱ्हाइके पलीकडच्या गल्लीतल्या दुकानी जाऊ लागली. सूर्यास्तानंतर घराला बाहेरून कुलूप पडे. मोजणी होई, तेव्हा शिंपिणीला कोठे मोजावे हा जमादाराला रोज पेच पडे. कैदी म्हणावी तर शिक्षा नाही. भेटीला आलेली म्हणावी तर वेळ संपूनही ती जात नाही.

हे सारे गवंडीबाबा उशीवरून पाहत होते.

काही आठवड्यांनी मंत्री पाहणीस आले. तुरुंगाच्या पाहणीत मंत्र्याने प्रत्येक कैद्यास, अंमलदार जवळ नसताना, तक्रार विचारावी असा कायदा आहे. येथे कैदी एकच असल्यामुळे पाहणी लवकर आटोपेल, असे त्यांना वाटले होते. जमादार व महिला शिपाई स्वयंपाकघरात गेले. सचिवबाई दाराशी उभ्या राहिल्या. मंत्री बाजेशेजारी खुर्ची ओढून बसले.

"काय बाबा, घर कसं वाटतंय?"

"भिंतीला पोट आलंय. बाकी बरं आहे."

"तक्रार काही?"

"आहे."

मंत्र्यांना हे अनपेक्षित होते. "जेवणाची?"

"जेवण पोरगी देते. त्याची कसली तक्रार?" गवंडीबाबा श्वास गोळा करीत थांबत थांबत बोलत होते. "साहेब, मी माणूस मारला. मला शिक्षा झाली. त्याचं मला काही वाटत नाही. पण माझ्या पोरीला कुठल्या कोर्टानं दिली?"

मंत्र्यांनी खुर्ची थोडी मागे सरकविली.

"तिला सोडा. नाहीतर मला परत न्या. तिथं निदान मी एकटाच आत होतो."

तेवढ्यात शिंपीण चहा घेऊन आली व बापाचे शेवटचे शब्द तिच्या कानी पडले. ती कप ठेवीत म्हणाली, "बाबा, मी काही म्हटलंय का?"

"तू कधी म्हणणार आहेस? आईवर गेलीस."

मंत्री पुढच्या खोलीत आले. लोखंडी पेटी, रिकामी दोरी, स्टुलावर ठेवलेली महिला शिपायाची टोपी, हे त्यांनी प्रथमच नीट पाहिले. मग त्यांनी ते कलम पुन्हा मागविले व त्याखाली पुन्हा बोट फिरविले. "इमारत अगर तिचा भाग. बाई, भाग म्हटलंय इथं. सगळं घर कशाला? मधली खोली तेवढी तुरुंग, बाकीचं घर मोकळं."

"होईल," सचिवबाई म्हणाल्या. "पण मग ह्यांना वडिलांच्या खोलीत जायला भेटीची परवानगी लागेल."

"नेमणुका कोण करतं?"

"आपण."

"मग ह्यांना कैद्याची सेविका नेमा. बिनपगारी."

शिंपीण हे ऐकून इतकेच म्हणाली, "बापाला पाणी पाजायला नोकरी धरावी लागली. बरं, धरते."

त्याच दिवशी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारण्यात आली. ती रेघ म्हणजे तुरुंगाची हद्द. पाटी बाहेरून काढून खोलीच्या दाराला लावली गेली. कात्र्या पेटीतून बाहेर आल्या, महिला शिपाई परत गेली आणि जमादार रेघेच्या पलीकडे स्टूल टाकून बसू लागला. गिऱ्हाइके हळूहळू परतली. लांबलचक कापड कापावयाचे झाले म्हणजे शिंपीण त्याचे एक टोक रेघेवरून जमादाराच्या हाती देई, आणि तो ते घट्ट धरून बसे. असे करण्यास मनाई करणारा नियम त्याला आढळला नाही.

मंत्री तृप्त होते. शब्द पाळला गेला होता, तोही कोणापुढे हात न पसरता. पत्नीनेसुद्धा मान्य केले, "जमलं की तुम्हाला. नळ राहिला तेवढा."

परंतु वाचकहो, एक गोष्ट त्या सर्वांच्या ध्यानी आली नव्हती. कैदी मरणार हे ठाऊक असूनच त्याला तुरुंगाच्या नव्या हद्दीत आणले होते, आणि तुरुंगात माणूस मरतो तेव्हा पुढे काय होते, ह्याचा विचार कोणी केला नव्हता. तो प्रथम जमादाराने केला, कारण तो त्याच्या कामाचाच भाग होता. डॉक्टर तपासून गेले व आता दोन-चार दिवसांचीच गोष्ट आहे असे सांगून गेले, तेव्हा जमादार स्टुलावरून उठला आणि रेघ ओलांडून पुढच्या खोलीत आला.

"ताई, एक सांगायचं राहून गेलं. तुम्हाला ऐनवेळी कळू नये म्हणून आत्ताच सांगतो. तुरुंगात माणूस गेला की चौकशी होते. दंडाधिकारी येतात. मग इस्पितळात नेतात. तिथं उघडून बघतात."

शिंपिणीचे यंत्र थांबले. "काय उघडून बघतात?"

जमादाराने बोटाने आपल्या छातीपासून पोटापर्यंत रेघ ओढून दाखविली.

"अहो, पण आजार सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरांचे कागद आहेत."

"असले तरी. नियम सगळ्यांना सारखा आहे."

"ते घरी आहेत, काका."

"नाहीत, ताई," जमादार खाली पाहत म्हणाला. "घर रेघेच्या ह्या बाजूला आहे."

शेजारणीस बापाजवळ बसविण्याचीही परवानगी नसल्यामुळे शिंपीण त्याला जमादाराच्याच भरवशावर सोडून कचेरीत गेली. मंत्री टेबलावर रुमाल पसरून डबा उघडीत होते. तिला पाहून ते हसले, आणि तिचा चेहरा पाहून त्यांनी झाकण पुन्हा लावले.

"साहेब, त्यांना फाडणार म्हणे," ती म्हणाली. "फावडं मारलं त्या माणसालाही तसंच केलं होतं. बाबा तिथं उभे होते, पोलिसांनी दाखवलं त्यांना. तेव्हापासून ते ह्याच एका गोष्टीला भितात. मरणाला भीत नाहीत. घरी मरायचं म्हणजे काय, मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. त्यांना अखंड जायचंय."

मंत्र्यांनी सचिवबाईंना बोलाविले. "ही चौकशी मला थांबवता येईल?"

"नाही."

"मी मंत्री आहे."

"म्हणूनच नाही. कोठडीत माणूस कशानं मेला हे मंत्र्यानं ठरवू नये, यासाठीच ते कलम केलंय. आधी मंत्रीच ठरवत असत."

"चांगलं कलम आहे," मंत्री म्हणाले. "हुकूम मागे घेतला तर?"

"तर त्यांना आजच उचलून मध्यवर्ती तुरुंगात न्यावं लागेल. रस्त्यातच जातील. आणि चौकशी चुकत नाहीच."

टेबलाखाली मंत्र्यांचा पाय जोराने दाबला गेला. तेथे सतरंजी होती, दुसरे काही नव्हते. "मग राहिलं काय?"

"शिफारस. राष्ट्रप्रमुखांनी माफी दिली तर ते कैदी राहणार नाहीत. मसुदा आहे. तारीख तेवढी बदलायची." ह्याहून अधिक सचिवबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मानाने हेही पुष्कळच झाले.

शिंपीण दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. मंत्री तिच्याकडे वळले. वास्तविक मौन धरणे त्यांना शक्य होते, परंतु ते म्हणाले, "मी ती शिफारस पाठवलीच नाही."

"का?"

"मला वाटलं, मला तिची गरज पडणार नाही."

शिंपिणीने पदर सारखा केला. तिला रडावयाचे असावे किंवा भांडावयाचे. तिने दोन्ही केले नाही. "मग आता पाठवा," ती म्हणाली.

राष्ट्रप्रमुख हे पूर्वाश्रमीचे न्यायाधीश होते. त्यांच्या निवासस्थानाच्या बैठकीत मंत्र्यांना बराच वेळ बाकावर बसावे लागले. शेजारी एक माळी कुंडी मांडीवर घेऊन बसला होता. त्याचीही भेट ठरली होती, आणि त्याचा क्रम मंत्र्यांच्या आधी लागला. आत गेल्यावर राष्ट्रप्रमुख कानाच्या यंत्राशी खटपट करताना आढळले.

"मोठ्यानं बोला. तुम्हीच ना ते, शिंपिणीच्या घराचा तुरुंग करणारे?"

"होय."

"हसू आलं मला वाचून. मग भीती वाटली. उद्या माझ्या घराचा कराल."

"मी नाही करणार."

"तुम्ही नाही करणार. तुमच्या मागून येणारा? त्याला एखादा विरोधक त्याच्याच माजघरात कोंडायचा असेल तर? कलमात पूर लिहिलेला नाही म्हणे."

मंत्र्यांनी हे वाक्य ओळखले व मान खाली घातली. मग त्यांनी सारी हकीकत सांगितली. गवंड्याची, रेघेची, चौकशीची आणि स्वतःच्या न पाठविलेल्या शिफारशीचीही. राष्ट्रप्रमुखांनी कागद ओढून घेतले. प्रत्येक पान वाचले. खून झालेल्या भागीदाराच्या विधवेने काही हरकत घेतली आहे काय, हे विचारले. सचिवबाईंनी तिलाही विचारून घेतले होते, व तिने "मेल्यानं मरावं कुठंही" एवढेच उत्तर दिले होते, हे कागदांत नमूद होते. राष्ट्रप्रमुखांनी सही केली.

"घ्या. आता एक गोष्ट. माणूस मरतोय, त्याच्यावर मी सौदा करत नाही, म्हणून आधी सही केली. पण ते कलम काढून टाका. पूर आला, साथ आली, तर न्यायालयाला विचारून जागा बदला. मंत्र्याच्या एकट्याच्या सहीनं नको. विधेयक तुम्हीच आणा."

"हा हुकूम आहे का?"

"मला तुम्हाला हुकूम देता येत नाही," राष्ट्रप्रमुख म्हणाले. "कायदा बघा. मीही फक्त सुचवू शकतो."

मंत्री स्वतःच्या मोटारीने, स्वतः चालवीत, त्या गल्लीत पोहोचले. दिवस अजून बराच वर होता. जमादाराने हुकूम दोन्ही हातांनी घेतला, टोपी घातली आणि रेघेच्या आत उभे राहून शब्दन् शब्द मोठ्याने वाचला. मोडक्या आवाजात का होईना, तो नियमाप्रमाणे वाचला गेला.

गवंडीबाबांनी डोळे उघडले. "काय म्हणतात?"

"सुटलात, बाबा," शिंपीण म्हणाली.

"मग आता कुठं जायचं?"

"कुठंच नाही. इथंच राहायचं."

म्हाताऱ्याने ह्यावर बराच विचार केला. "आणि ते? ते कापाकापीचं?"

"नाही होणार. मंत्री स्वतः आलेत सांगायला."

गवंडीबाबांनी मंत्र्यांकडे पाहिले, मग जमादाराकडे. जमादार पाटी काढून, स्टूल उचलून निघण्याच्या तयारीत होता. "ह्यांना चहा दे," ते मुलीला म्हणाले. "इतके दिवस बसलेत, पण पाहुणे म्हणून एकदाही बसले नाहीत."

जमादाराने आपले काम संपल्याचे सांगून पाहिले. मग त्याने टोपी काढली, स्टूल बाजेजवळ ठेवले आणि तो बसला.

गवंडीबाबा तिसऱ्या दिवशी दुपारी, मुलीचा हात हातात असताना गेले. गल्लीतल्या डॉक्टरांनी दाखला लिहिला. दंडाधिकारी आले नाहीत, इस्पितळाची गाडी आली नाही. त्यांना अखंड, त्यांच्याच घरातून, पुढच्या दाराने नेण्यात आले. खांदा देणाऱ्यांत जमादारही होता. गुडघ्यांमुळे त्याला कोपऱ्यापर्यंतच जमले.

त्यानंतरच्या अधिवेशनात तुरुंगमंत्र्यांनी स्वतःचाच अधिकार काढून घेणारे विधेयक मांडले. सभागृह अर्धे रिकामे होते. समोरच्या बाकांवरील एक सभासद उठून म्हणाले, "अध्यक्षमहाराज, अधिकार मागणारे मंत्री पुष्कळ पाहिले. परत करणारे हे पहिलेच. मंत्रिमहोदयांची प्रकृती ठीक आहे ना?"

हशा पिकला. मंत्रीही हसले. मग ते म्हणाले, "अध्यक्षमहाराज, मी ह्या कलमानं एका म्हाताऱ्या माणसाला घरी नेलं. त्याच कलमानं त्याची मुलगी आत गेली. मी वाईट हेतूनं केलं नव्हतं. वाईट हेतू असलेला माणूस हे किती सहज करील, हे मला त्यामुळंच कळलं." आणि ते खाली बसले. विधेयक जेवणाच्या सुटीपूर्वी आवाजी मतदानाने संमत झाले.

कचेरीत परतल्यावर त्यांनी सचिवबाईंना विचारले, "असे आणखी किती मसुदे पडून आहेत?"

"शिफारशींचे? पुष्कळ. आपल्या आधीच्या मंत्र्यांच्या वेळचेही आहेत. काहींतली माणसं आता नसतील."

"जी असतील त्यांचे आणा."

सचिवबाईंनी ते आणले. ढीग हनुवटीपर्यंत येत होता. मंत्र्यांनी पहिला कागद उचलला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवून वाचावयास प्रारंभ केला.

येथवर वाचकांनी जी सहनशीलता दाखविली, तिच्याबद्दल लेखक अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. लेखनात जे उणे आढळेल ते माझ्या अपुऱ्या शिक्षणाचे समजावे व जे बरे वाटेल ते आपल्या औदार्याचे समजावे.

आपला नम्र,
सखाहरी तुळशीराम वाघोळे